भिंतीचं झाकण

मापाडीणबाई आल्या तेव्हा आक्काचं मौन सुटायला अजून बराच अवकाश होता.

उठल्यापासून दुपारच्या पहिल्या घासापर्यंत आक्का बोलत नाही, हे घरात इतकं अंगवळणी पडलं होतं की सकाळी तिला विचारायचे ते प्रश्न मान हलवून उत्तर देता येईल असेच. वहिनींनी दार उघडलं, बाईंना स्वयंपाकघरातल्या मोठ्या टेबलाशी बसवलं आणि भुवई उंचावून आक्काकडे पाहिलं. चहा? आक्काने मान हलवली. टेबलाच्या टोकाला, खाली जाणाऱ्या जिन्याकडे पाठ करून ती बसली होती. जिन्याकडे पाठ करून ती एरवी कधी बसत नसे. वहिनींच्या ते लक्षात आलं आणि दूध वर येताच मनातून गेलंही.

'मापाडीण' हे नाव दादांनी, आक्काच्या भावाने, ठेवलेलं. बाईंचं काम घरातली हवा मोजण्याचं. दगडातून, मातीतून रेडॉन नावाचा वायू झिरपतो, त्याला रंग नाही, वास नाही, बंद खोलीत तो साचतो आणि वर्षानुवर्षं छातीत जात राहिला तर फुप्फुसात कर्करोग रुजवतो, असं त्यांनी पहिल्या खेपेला सांगितलं होतं. तेव्हा दादा म्हणाले होते, "पूर्वी मापाडी धान्य मापायचे. आता हवा मापतात. उद्या आमच्या सावल्या मापायला या." बाई हसल्या होत्या आणि खालच्या खोलीतल्या फळीवर आपलं डबीएवढं यंत्र ठेवून गेल्या होत्या.

आज त्याचा निकाल होता. आणि आजच संध्याकाळी छकी यायची होती, दादा-वहिनींची एकुलती एक लेक, दिवस पुरे न होताच जन्मलेल्या बाळाला घेऊन. वरच्या खोल्या पत्र्याखाली भट्टीसारख्या तापत. खालची खोली मात्र भर उन्हाळ्यात विहिरीसारखी गार. छकीचा पलंग वहिनींनी कालच खाली लावून घेतला होता, आक्काच्या पलंगाशेजारी. पाळण्याला नवी दोरी बांधली होती.

"चांगली बातमी आहे," पेनाचं टोपण चावत बाई म्हणाल्या. "सरासरी सत्तरच्या आसपास येतेय. शंभराच्या आत म्हणजे काळजी नाही. तीनशेच्या वर असतं तर हात बांधून बसू नका म्हटलं असतं."

"ऐकलंस?" दादा वहिनींना म्हणाले, पण पाहिलं त्यांनी मधलीकडे. "आप्पांनी खडक फोडून बांधलेलं घर आहे हे. आयुष्यभर दगड घडवले त्या माणसाने. विषारी दगडाच्या पोटात लेकरं निजवली असती का?"

मधली खिडकीपाशी उभी होती. दादांच्या पाठच्या भावाची, मधल्याची, बायको. भाऊ जाऊन दोन उन्हाळे झाले होते, पण ती घरातच राहिली. इस्पितळात एक्स-रे काढायची. बाळ खाली निजणार हे ठरल्यावर तिनेच हट्ट धरला होता, की आधी खोली तपासायची.

"सुटले गं बाई," वहिनी म्हणाल्या. त्यांचा हात नकळत छातीवर गेला. "मी म्हणतच होते, उगाच मनात किंतू नको. आता तू पण हो म्हण बरं, मधले. सगळ्यांनी एका तोंडाने हो म्हटलं म्हणजे पोरीच्या जिवाला बरं वाटेल."

मधलीने हो म्हटलं नाही. "मला रेघ दाखवाल?" तिने बाईंना विचारलं.

"रेघ?"

"यंत्र दर तासाचा आकडा धरून ठेवतं ना? त्याची रेघ निघत असेल. सरासरी ही फसवी बाई असते हो. एक पाय विस्तवात आणि एक बर्फात, तरी सरासरीने माणूस सुखात."

"घ्या," दादा म्हणाले. "आता हिला घराचाही फोटो हवा."

बाईंनी लॅपटॉपचा पडदा तिच्याकडे वळवला.

*

मधलीने आयुष्यभर काळ्यापांढऱ्या चित्रांत काय नाही ते पाहण्यापेक्षा काय आहे ते पाहिलं होतं. छातीच्या फोटोत एक सावली असते. ती बोट ठेवून दाखवली की मग दुसरं काही दिसतच नाही. नवऱ्याचा फोटो तिनेच काढला होता. फिल्म हातात धरून ती त्या अंधाऱ्या खोलीत किती वेळ उभी होती, हे तिला अजून ठाऊक नव्हतं. त्याने आयुष्यात कधी विडी ओढली नव्हती.

पडद्यावरची रेघ जमिनीलगत सरपटत होती. मग एकदम दात. मग पुन्हा सरपटणं. पुन्हा दात. फणीचे सगळे दात मोडून मधूनमधून एकेकच राहिलेला असावा, तशी ती रेघ दिसत होती.

"हे काय आहे?"

बाईंनी वाकून पाहिलं. टोपण तोंडातून काढलं. "हे... हे मी पाहिलं नव्हतं. आकडा शंभराच्या आत आला की आम्ही..." त्या थांबल्या. "रोज एकाच वेळी चढतंय. पहाटे. खाली पहाटे काय होतं?"

सगळ्यांनी आक्काकडे पाहिलं.

"काय व्हायचंय?" दादा म्हणाले. "आक्का नाम घेत बसते. देवाचं नाव घेतल्यानेही वायू सुटतो, असं काही निघालंय का आता?"

"दार उघडत असतील का त्या वेळी?" बाईंनी विचारलं.

"उघडलं तरी?"

"उघडलं तर आकडा पडायला हवा, भाऊ. बाहेरची हवा आत आली की वायू विरतो. हा तर चढतोय. जणू एरवी काहीतरी बंद असतं आणि तेवढ्यापुरतं उघडतं."

आक्काचे दोन्ही हात टेबलावर पालथे होते. मधलीने त्या हातांकडे पाहिलं, आणि तिला एकाएकी खालची खोली आठवली. नवरा गेल्यापासून ती त्या जिन्याने एकदाही उतरली नव्हती. सुकलेले कपडेसुद्धा ती वरूनच आक्काच्या हातात द्यायची. आठवलं ते हे की लग्न होऊन या घरात आल्यावर वर्षभर तिला त्या खोलीच्या मागच्या भिंतीवर फक्त एक जाड गोधडी टांगलेली दिसायची. मागे काय आहे विचारलं तर सासूबाई म्हणत, "भिंत." वर्ष सरल्यावर एका सकाळी सासऱ्यांनी, आप्पांनी, तिला खाली बोलावलं, गोधडी बाजूला केली, तिच्यामागचं लाकडी झाकण काढलं आणि म्हणाले, "आता तू घरची झालीस."

"दादा," ती हळूच म्हणाली, "झाकण लावलेलं होतं का?"

"कधी?"

"हे यंत्र खाली होतं तेव्हा."

"म्हणजे काय? परकं माणूस घरात यायचं म्हटल्यावर लावणारच की." दादांच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. एखाद्याने विचारावं, पाहुण्यांसमोर सदरा घालता का, तसं त्यांना वाटलं होतं. "आणि यंत्र परक्याचं. ते खाली होतं तोवर झाकण लावून ठेवलं आक्काने. कपडे बदलताना त्याच्यावर रुमाल टाकायची ती. हिरवा दिवा डोळा लावून बघतो म्हणे."

वहिनींना हसू आलं आणि ते मध्येच विझलं.

"कसलं झाकण?" बाईंनी विचारलं.

वहिनींनी गॅस बंद केला. आप्पा जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्यांचा शब्द अजून या घरात पायऱ्यांसारखा होता, वापरताना कोणाला दिसत नसे. परक्यापुढे घराचं तोंड उघडं ठेवायचं नाही. आजवर ठेवलं नव्हतं. डॉक्टर आप्पांना तपासायला आले, तेव्हाही गोधडी होती. मधल्याला शेवटचं बघायला माणसं आली, तेव्हाही होती.

"मौनात आहे ती," दादा शेवटी म्हणाले. "दुपारी बोलू."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आक्का उठली होती. तिने कोणाकडे पाहिलं नाही. बाईंच्या समोर येऊन तिने हाताने खूण केली, चला. आणि ती जिना उतरू लागली.

*

दादा मागोमाग उतरले ते तिला अडवायलाच. पण अर्ध्या जिन्यात नेहमीचा गारवा पायाला लागला आणि त्यांची चाल मंदावली. या गारव्यात घाई करायची नाही, असं लहानपणी त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. तरी घरातला प्रत्येक जण इथे येऊन हळू व्हायचा.

खोली अर्धी डोंगरात होती. तीन भिंती विटांच्या, चौथी मूळ खडकाची, आप्पांनी जागच्या जागी तासलेली. छिन्नीचे घाव सारखे, मऊ, पाण्यावरच्या लहरींसारखे. आक्काने गोधडी काढली. घडी घातली. घडी घातलेली गोधडी तिने पाळण्यात ठेवली. तोच हाताशी होता. मग झाकणाच्या कडेच्या लोकरीत बोटं घालून तिने ते ओढलं. लाकूड इतकं चपखल बसलं होतं की निघताना घशातून यावा तसा आवाज आला.

मागे भेग होती. छातीच्या उंचीला सुरू होऊन जमिनीत उतरलेली, हात आत जाईल एवढी रुंद. तिच्यातून हवा येत होती. सतत, जोर न करता, झोपलेल्या माणसासारखी.

"अरे देवा," बाई पुटपुटल्या.

"श्वास म्हणतो आम्ही त्याला," दादा म्हणाले. आता लपवण्यात अर्थ नव्हता, आणि परक्या माणसासमोर ते पहिल्यांदाच बोलत असल्यामुळे त्यांचा आवाज त्यांनाच कोवळा वाटला. "आप्पा खडक तासत इथवर आले आणि ही लागली. दुसऱ्याने चुन्याने भरून टाकली असती. आप्पा म्हणाले, घराला श्वास घेऊ द्या. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात कोमट. आभाळ भरून आलं, वारा पडला की जोर वाढतो."

"वाढणारच," बाई म्हणाल्या. "बाहेरचा दाब उतरला की जमीन जास्त सोडते. आज पडलाच आहे वारा." त्यांनी तळहात भेगेसमोर धरला आणि चटकन मागे घेतला. कोणी हात हातात घ्यावा तसं त्यांना झालं असावं, कारण हात त्यांनी पदराला पुसला. "इथे कोण कोण निजत आलंय?"

"आप्पा."

"मग?"

"आई."

"मग?"

दादा मधलीकडे पाहू शकले नाहीत. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबली होती, खोलीत पाय न टाकता.

"मग हे," मधलीच म्हणाली. "रात्रभर काम करून यायचे आणि दिवसा इथे झोपायचे. भिंतीला कान लावून. म्हणायचे, ऐक, आप्पा खोकतायत."

"मधले, पुरे," वहिनी म्हणाल्या.

"का पुरे? आपण काय म्हणत आलो, जाऊबाई? भिंतीने बोलावलं. आप्पांना बोलावलं, सासूबाईंना बोलावलं. यांच्या वेळी तर तुम्हीच म्हणालात, लाडका होता, लवकर बोलावलं. अशाने आपण भिंतीचे आभारच मानले."

दादांना राग यायला हवा होता. आला नाही. भेगेतून येणारी हवा त्यांच्या मनगटावर, मानेवर, कानामागे हात फिरवत होती. त्यांना एवढंच वाटलं, की खोलीत एक माणूस जास्त आहे आणि तो हे सगळं ऐकून घेतो आहे.

यंत्र वरून सोबत आणलेलं होतं. बाईंनी ते भेगेच्या बाजूला, आक्काच्या उशाशी ठेवलं. "आकडा हळूहळू चढेल. झाकण उघडंच असू द्या. मी संध्याकाळी येऊन बघते."

"आणि चढला तर?"

"तर घाबरायचं नाही, उपाय आहे. भेग नीट भरायची. जमिनीला एक भोक पाडायचं, त्यात नळी, नळीला पंखा. फरशीखालची हवा तो ओढून थेट छपरावरून बाहेर फेकतो. मग खोली वापरता येते."

"म्हणजे श्वास बंद," दादा म्हणाले.

"बंद नाही. उलटा. आता खोलीत सोडतंय, मग खोलीतून ओढील."

हे ऐकून वहिनींच्या अंगावर काटा आला. सोडणारं घर त्यांना माहीत होतं. ओढणारं घर त्यांना कल्पनेतही सोसेना.

*

दुपारचं जेवण झालं. आक्काने पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि बोलली नाही.

"आक्का, मौन सुटलं," वहिनींनी आठवण केली. आक्काने मान हलवली आणि जेवत राहिली. ही गोष्ट कधी घडली नव्हती. मौन सुटल्यावर ती पहिलं वाक्य कोणाशी बोलते, यावर छकी लहानपणी पैज लावायची. आज टेबलावर फक्त भांड्यांचा आवाज होता, आणि जिन्यातून वर येणारा गारवा. झाकण उघडं असल्यामुळे तो आज स्वयंपाकघरापर्यंत आला होता.

जेवताना आक्का दोनदा खोकली. कोरडं, तोंड मिटून. मधलीने चमचा खाली ठेवला.

"हे कधीपासून?"

आक्काने हात हलवला.

"हाताने नका सांगू. सकाळी बोलायचं नाही आणि खोकायचं खाली, म्हणजे आम्हाला कळणार कसं? उद्या माझ्याबरोबर चला. छातीचा एक फोटो काढू. दोन मिनिटांचं काम."

"झालं सुरू," दादा म्हणाले. पण त्यांनी पुढे काही जोडलं नाही, आणि पानातलं तसंच टाकून ते उठले. मधली आक्काकडे बघत राहिली. आक्काने खूप वेळाने, अगदी थोडी, मान हलवली. हो.

संध्याकाळी बाई परत आल्या तेव्हा दारात गाडीही आली. यंत्राकडे जायला कोणी मोकळं राहिलं नाही, सगळे छकीभोवती. ती बारीक झाली होती, डोळ्यांभोवती काळं. बाळ मात्र फडक्याच्या गुंडाळीतून अख्खा मोहल्ला जागा होईल असा टाहो फोडत होतं.

"गाडीत बसल्यापासून असंच," छकी म्हणाली. "काही केल्या राहत नाही. आई, हा कसला उकाडा! बाबा, याला आधी खाली न्या. माझा जीव पडू दे तिथे जरा."

दादांनी बाळ घेतलं. त्यांच्या दगडासारख्या हातांत ते कसं मावलं, बघणाऱ्याला कळलं नसतं. या घरात जन्मलेलं प्रत्येक मूल पहिल्या दिवशी भिंतीशी नेत, गाल भेगेशी धरत, श्वास लावून घेत. दादांना धरलं होतं. आक्काला, मधल्याला, छकीला धरलं होतं. ते जिना उतरले तेव्हा त्यांनी काही ठरवलं होतं असं नाही. पाय उतरत होते.

खोलीच्या मध्यावर पोचताच बाळ रडायचं थांबलं.

थांबलं ते हळूहळू नव्हे, कोणी तोंडावर हात ठेवावा तसं. त्याने डोळे उघडले. आणि मान, जी अजून धरतही नव्हती, ती भिंतीकडे वळली.

"बघ," दादा कुजबुजले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "बघ कसं ओळखलं."

जिन्यात छकी हसली, थकलेली, सुटल्यासारखी. वहिनींनी कठडा घट्ट धरला. बाळाचे ओठ हलत होते, दूध शोधताना हलतात तसे, भेगेच्या दिशेने. दादांनी एक पाऊल पुढे टाकलं.

आक्का त्यांच्या बाजूने गेली. धावली नाही, पण कोणी तिला इतकं भराभर चालताना पाहिलं नव्हतं. भेगेसमोर जाऊन ती वळली आणि तिने आपली पाठ भिंतीला लावली. पूर्ण. खांद्यापासून टाचेपर्यंत.

बाळ पुन्हा रडायला लागलं.

"आक्का, बाजूला हो."

ती हलली नाही.

"अगं आपल्या घरातलं पोर आहे. एकदा लावून घेऊ. एका वेळेने काय होतंय? मग भरू भेग, नळी घालू, ती म्हणेल ते करू. पण एकदा..."

"दादा," आक्का म्हणाली.

दिवसातला तिचा पहिला शब्द. घशात कोरडा खडखडाट होता.

"दादा, ते ऐकत नाही रे."

"काय?"

"मी इतकी वर्षं त्याच्यासमोर बसले. तुम्ही सगळे झोपलेले असायचा. आई गेली ते सांगितलं. मधला गेला ते सांगितलं. माझं काय राहून गेलं, तेही सांगितलं. मला वाटायचं, समोरून श्वास येतोय म्हणजे समोर कोणीतरी असणारच. आप्पा असतील. देव असेल." ती थांबली, खोकली, पण पाठ तिने सोडली नाही. "झाकण लावलं त्या दिवसांतही पहाटे उघडल्यावाचून मला बसवलं नाही. त्याच्याशिवाय नाव घेता येईना. तेव्हाच समजायला हवं होतं मला. देवाचं नाव घ्यायला भोक लागत नाही."

दादांनी बाळाला छातीशी सावरलं.

"कोणी नाही तिथे, दादा. देव सगळीकडे आहे म्हणतात, आहेच. पण हा तो नव्हे. हे नुसतं बाहेर येतंय. आपण समोर असलो तरी, नसलो तरी. पोर ओळखत नाहीये. गार लागलं म्हणून गप्प झालं."

"तुला काय ठाऊक?" दादांचा आवाज फुटला. "आप्पांनी..."

"आप्पांनी प्रेमाने केलं. मी प्रेमानेच झाकण लावलं. तरी बाईंचा आकडा खोटा निघाला आणि त्या आकड्यावर आपण पाळणा बांधला." तिने मान वळवून उशाशी ठेवलेल्या यंत्राकडे पाहिलं. "बाई, वाचा."

बाई लोकांमधून वाट काढत पुढे आल्या. पडदा पाहून त्यांनी तो एकदा बोटाने पुसला, धूळ असेल म्हणून. "सहाशेच्या पुढे गेलाय," त्या म्हणाल्या. "अजून चढतोय."

छकी जिन्याच्या पायथ्याशी फरशीवर बसली. "बाबा," ती म्हणाली, "द्या त्याला."

दादा तसेच उभे होते. बाळाची मूठ त्यांच्या सदऱ्याच्या गुंडीला घट्ट धरून होती. आप्पांना त्यांनी कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, ते गेल्यावरही नाही. आता बहीण भिंतीला टेकून उभी होती आणि भिंतीत आप्पांच्या छिन्नीचे घाव होते. कोणाचं ऐकायचं, हे जन्मात पहिल्यांदा त्यांच्यावर येऊन पडलं होतं.

ते वळले. छकीच्या जवळून, वहिनींच्या पसरलेल्या हातांजवळून ते पुढे गेले आणि बाळ त्यांनी मधलीकडे दिलं. सकाळपासून ज्या पायरीच्या खाली तिने पाऊल टाकलं नव्हतं, त्या पायरीवर.

"वर घेऊन जा याला," ते म्हणाले. "माझ्या खोलीत. खिडक्यांना ओले पडदे लावू. मी आणि ही बाहेर पडवीत झोपू." मग बाईंकडे न बघता, "भोक कुठे पाडायचं ते खडूने काढून द्या. पाडायला माणूस आणू नका. ही फरशी मीच फोडीन."

*

वर पावलं वाजत होती. पलंग सरकत होता, वहिनी कोणाला तरी चादर कुठे आहे ते सांगत होत्या, बाळ रडत होतं आणि त्याच्या रडण्यात आता साधी भूक होती. मधली मध्येच जिन्यातून वाकून ओरडली, "आक्का, तुमची उशी माझ्या खोलीत टाकतेय. खिडकीकडची बाजू तुमची. घोरत असाल तर आत्ताच सांगा!"

"घोरते," आक्का खालून म्हणाली.

"मग भिंतीने इतकी वर्षं सहन केलं म्हणायचं!"

आक्काला हसू आलं. ती अजून तिथेच उभी होती, पाठ लावून. निघायला हवं होतं. पाठीचा सगळा भाग गारठला होता, आणि त्या गारव्याखाली ओळखीचा, संथ, झोपलेला दाब. तिला ठाऊक होतं की तिथे कोणी नाही. आत्ताच तिनेच सांगितलं होतं. तरी बाजूला झाल्यावर जे मोकळं होईल, त्याच्याकडे वळून बघायचं धैर्य गोळा करायला तिला वेळ लागला.

ती न वळता चालायला लागली. अंथरूण गुंडाळलं, माळ घेतली, पलंगाखालच्या चपला घेतल्या. मागून गारवा आला, मानेशी, कानामागे, केसांच्या मुळांशी. रोज पहाटे येई तसाच. नाराज नव्हता, आर्जव करत नव्हता. आजचा दिवस त्याला कळलाच नव्हता.

दारात ती थांबली. घरातून निघताना कोणी 'जाते' म्हणत नाही. 'येते' म्हणतात, शेजारी जायचं असलं तरी, परगावी जायचं असलं तरी. आप्पा शेवटच्या दिवशी इस्पितळात निघाले तेव्हा, श्वास पुरत नव्हता तरी, या खोलीला 'येतो' म्हणूनच निघाले होते. मधलाही.

आक्काच्या तोंडात तोच शब्द आला होता. तो तिने गिळला.

"जाते," ती म्हणाली, आणि दार ओढून घेतलं.